अण्णा, अठ्ठावीस बंडलं आणि पाचवा माणूस : नाशिकमधल्या एका पटकथेचं प्रकरण

हे प्रकरण एका पटकथेचं आहे. विनोदी गुप्तहेराच्या टीव्ही मालिकेतला तिसरा भाग, कामचलाऊ नाव ‘बँक’. नायक अण्णा. नाशिकच्या कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार. आयुष्य कागद तपासण्यात गेलं, त्यामुळे चुकीचा शब्द कानावर पडला की तो दुरुस्त केल्याशिवाय पुढचं वाक्य त्यांना ऐकूच येत नाही. लेखक दोघं. एक सातपूरला कंपनीत पहिल्या पाळीला जाणारा मुलगा, दुसरी पंचवटीत राहणारी, कॉलेजात शिकवणारी मुलगी. त्यांच्या कच्च्या मसुद्यांवर मी सल्ला देते. पहिले दोन भाग सरळ उतरले. तिसऱ्यात बँक लुटली गेली आणि गाडं चिखलात रुतलं. ते कसं रुतलं आणि कसं निघालं, हे नाटक-मालिका लिहिणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं मांडते.

पहिलं वाचन

गंगापूर रोडवरच्या एका घराच्या गच्चीत आम्ही बाराजण बसलो होतो. वाचन चालू असताना माझी एक सवय आहे. जिथे लोक हसतात तिथे समासात पेन्सिलीने खूण करायची. अठ्ठेचाळीस पानांत अकरा खुणा झाल्या. घरी येऊन पाहिलं, तर अकराच्या अकरा खुणा तपास थांबलेला असतानाच्या होत्या. अण्णांची खुर्ची मोडते, चष्मा चहात पडतो, ते मॅनेजरला शिपाई समजतात. तपास सुरू झाला की गच्ची गप्प. आणि तपास तरी कसला? सीसीटीव्हीत एका चोराच्या मनगटावरचं गोंदण दिसतं, पोलीस त्याला धरून आणतात, अण्णा बाजूला उभे. अण्णांना काढून टाकलं असतं तरी चोर सापडलाच असता.

हा दोष मोठा होता, कारण या जातीच्या गोष्टीचा कणाच तिथे असतो. दूरदर्शनवर १९८५ साली आलेला ‘करमचंद’ ज्यांनी पाहिलाय त्यांना पंकज कपूर यांच्या तोंडातलं गाजर अजून आठवतं. पण नुसत्या गाजरावर तो माणूस लक्षात राहिला नाही. समोरचा घाबरून बोलत असताना हा निवांत गाजर खातोय, त्या निवांतपणाने समोरचा अस्वस्थ होतो आणि जास्त बोलून जातो. अमेरिकेतल्या ‘मंक’ मालिकेचे २००२ ते २००९ या काळात १२५ भाग झाले. टोनी शाल्हूब यांनी रंगवलेल्या त्या गुप्तहेराला टापटिपीचं वेड आहे. तिरकी लागलेली तसबीर त्याला सहन होत नाही. आपण त्याला हसतो, आणि ती तसबीर कुणीतरी नुकतीच हलवलीय हे त्याच वेडापायी त्याला आधी कळतं. हसू आणि धागा एकाच ठिकाणाहून निघतात. आमच्या मसुद्यात हसू एका खोलीत होतं आणि धागा दुसऱ्या.

अण्णांकडे वेड तर होतंच, शब्द दुरुस्त करण्याचं. पण त्या वेडाला बँकेत काही कामच दिलेलं नव्हतं. दोन्ही लेखकांनी बँकेचं दार ग्राहकाच्या बाजूनेच पाहिलेलं. काउंटरच्या आत काय चालतं ते ठाऊक नाही, म्हणून आतला प्रसंग सुचत नव्हता. मी त्यांना नाशिकरोडला एका काकांकडे घेऊन गेले.

काकांची दुपार

काका निवृत्त हेड कॅशियर. वडील नोटप्रेसमध्ये होते. नाशिकरोडच्या घराघरांत अशी नाती सापडतात. १९२८ साली इथे नोटा छापायला सुरुवात झाली, त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. ‘बाबा नोटा छापायचे, मी नोटा मोजल्या,’ एवढीच ओळख काकांनी करून दिली.

मुलाने मसुद्यातला लुटीचा प्रसंग वाचून दाखवला. चौघं शिरतात, पाच कोटी एका सुटकेसमध्ये भरतात, त्यातला एक ती सुटकेस उचलून धावत सुटतो. काकांनी हात वर केला.

‘पाच कोटी कसल्या नोटांत?’

‘पाचशेच्या, काका.’

‘म्हणजे एक लाख नोटा. तो मुलगा काय खातो रे?’

मग त्यांनी कपाटातून दहाच्या नव्या नोटांची एक न फोडलेली गड्डी काढली. दिवाळीच्या ओवाळणीसाठी जपलेली. ती टेबलावर ठेवून ते सांगू लागले आणि मुलगी लिहून घेऊ लागली. शंभर नोटांचं एक पाकीट. त्याला कागदी पट्टी, पट्टीवर मोजणाऱ्याची सही आणि शिक्का. अशा दहा पाकिटांचं एक बंडल, म्हणजे हजार नोटा. पूर्वी पाकिटाला पिना मारत. २००१ पासून रिझर्व्ह बँकेने ते बंद करायला लावलं. त्याआधीची सगळी वर्षं काकांनी नखाने पिना उपसल्या. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगून वाढलंय, ते त्यांनी दाखवलं नाही, आम्हाला दिसलं. गड्डी डाव्या हातात वाकवून त्यांनी उजव्या अंगठ्याने नोटा सोडायला सुरुवात केली आणि डोळे आमच्याकडे ठेवूनच शंभरावर थांबले. बोट ओलं करायला समोर स्पंज नव्हता, तरी प्रत्येक वीस-पंचवीस नोटांनंतर अंगठा टेबलावरच्या त्या नसलेल्या स्पंजाकडे जाऊन येत होता.

‘पाचशेची नोट साधारण एका ग्रॅमची धरा. बंडल म्हणजे किलो, थोडं वरच. हाताला विटेएवढं लागतं. पाच कोटी म्हणजे शंभर विटा, शंभर किलो.’

मुलाचा चेहरा पडला. वहीत त्याने रक्कम खोडली. तेवढ्यात मुलीने विचारलं, ‘काका, पण समजा बँकेनेच खोटी रक्कम सांगितली तर?’

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच. आमच्या हातून झालेली चूक आम्ही दुरुस्त करायला निघालो होतो. तिने ती उचलून गुन्हेगाराच्या पदरात टाकली. बँकेतल्या आतल्या माणसाने लुटीची रक्कम फुगवून सांगितली असेल, तर नोटांचं वजन त्याला खोटं पाडेल.

काका लगेच मान डोलवणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी एकेक भोक दाखवलं. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन अधिकाऱ्यांकडे. एकट्याला उघडताच येत नाही. मग आतल्याने आधी पैसे काढले कसे? रोज संध्याकाळी रोख मोजून रजिस्टरवर दोघांच्या सह्या होतात, मग तूट लपली कशी? आणि एवढी रोख शाखेत कशाला ठेवली? शाखेला मर्यादा असते, जास्त झाली की करन्सी चेस्टला, म्हणजे शाखांची जादा रोख जमा होते त्या मोठ्या तिजोरीला, पाठवावी लागते. चेस्टमध्ये प्रत्येक नोट यंत्रातून जाते. तिथे तूट एका तासात उघडी पडेल.

या तिन्ही हरकतींनी कथानक बांधलं. गोष्ट बाजारपेठेतल्या शाखेची, सणाच्या आधीची, म्हणून रोख जास्त. दुसऱ्या दिवशी ती चेस्टला जायची आहे, म्हणून लूट आजच झाली पाहिजे. आदल्या संध्याकाळी मोजणी बरोबर, सह्या बरोबर. पण दुसरा किल्लीवाला अधिकारी मुलीच्या साखरपुड्याच्या गडबडीत आपली किल्ली सहकाऱ्याच्या हवाली करून घाईने निघाला. सकाळी गरजेपुरती रोख बाहेर काढली, मागचा कप्पा कुणी पाहिला नाही. लपवायची होती ती फक्त एक रात्र आणि अर्धा दिवस.

किल्लीचं बोलणं निघालं तेव्हा काका थोडे थांबले. ‘माझ्याकडे एकदा मॅनेजरने मागितली होती. तासाभरासाठी. चांगला माणूस होता, काही वाईट मनात नव्हतं. मी दिली नाही. वर्षभर बोलला नाही माझ्याशी.’ किल्ली ते पँटच्या उजव्या खिशात, दोरीने पट्ट्याला बांधून ठेवत. रात्री उशीखाली. काकू आतून म्हणाल्या, ‘माहेरी गेलो तरी ती आमच्याबरोबर.’

वहिनींचा शब्द

दुसरा धागा वकील वहिनींनी दिला. माझ्या शेजारच्या, जिल्हा न्यायालयात वकिली करतात. मसुदा चाळताना त्यांचं पेन पहिल्याच पानावर अडलं.

‘बँकेवर दरोडा असं लिहिलंय. माणसं किती?’

‘चार.’

‘मग दरोडा नाही. जबरी चोरी.’

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जबरी चोरी कलम ३०९ मध्ये आहे आणि दरोडा कलम ३१० मध्ये. जुन्या दंड संहितेतही फरक हाच होता. पाच किंवा जास्त माणसं मिळून जबरी चोरी करतात तेव्हा तिला दरोडा म्हणतात. वर्तमानपत्रं, चहाच्या टपऱ्या, आपण सगळे कशालाही दरोडा म्हणतो. वहिनी पुढे जे बोलल्या त्यावर आमचा अख्खा भाग उभा आहे. पाचांत फक्त हत्यार घेऊन आत शिरणारेच मोजत नाहीत. तिथे हजर राहून मदत करणाराही मोजला जातो.

मला त्या रात्री झोप आली नाही, इतका आनंद झाला. अण्णांच्या वेडाला शेवटी काम मिळालं होतं. पहिला अर्धा भाग अण्णा भेटेल त्याला दुरुस्त करत फिरणार: दरोडा म्हणू नका, चारच आहेत, जबरी चोरी म्हणा. लोक वैतागणार, प्रेक्षक हसणार. आणि मग एका क्षणी अण्णा स्वतःच्या तोंडाने म्हणणार, ‘दरोडा.’ ते ऐकून कसलाही खुलासा न करता सगळ्यांना कळणार की पाचवा माणूस आहे, आणि तो आत होता.

मुलाला धास्ती होती की प्रेक्षकांना कायदा कुठे ठाऊक असणार. त्याची धास्ती खरी होती. उपाय त्यानेच काढला. दुरुस्ती तीनदा येते आणि दर वेळी वेगळी घडते. चहावाल्याशी अण्णा बोटांवर मोजतात. टीव्हीच्या बातमीदाराला थेट प्रक्षेपणात थांबवून विचारतात, ‘सूर्यास्त झाला होता का? हमरस्ता होता का?’ कारण सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात हमरस्त्यावर केलेल्या जबरी चोरीला शिक्षा दहाऐवजी चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि ते विचारल्याशिवाय अण्णांना चैन पडत नाही. तिसऱ्या वेळी अण्णा तोंड उघडायच्या आत वैतागलेला फौजदारच हवालदारावर खेकसतो, ‘दरोडा नाही रे, जबरी चोरी!’ तिथवर प्रेक्षक पक्का तयार झालेला असतो.

कांद्यांचा प्रसंग

वजनाचा पुरावा अण्णांनी कसा द्यायचा, यावर आठवडा गेला. कागदावर गुणाकार करून दाखवणं कोरडं झालं असतं. शेवटी गावाने मदत केली. लूट बुधवारी होते हे पहिल्यापासून होतं, पण उगाच होतं. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो. पहिल्या मसुद्यात चोर रविवार कारंजावरून होळकर पुलाकडे मोटारीने सुसाट जात होते. इथे राहणाऱ्या कुणीही ते मान्य केलं नसतं. आता ते दोन स्कूटरवरून गल्लीबोळांतून निसटतात. सीसीटीव्हीत मागे बसलेल्याच्या उजव्या हातात फोन आहे आणि डाव्या हाताने तो बॅग झोकात खांद्यावर टाकतो.

बँकेने सांगितलेली लूट १ कोटी ४० लाख, सगळ्या पाचशेच्या. म्हणजे २८,००० नोटा, २८ बंडलं, २८ किलो. पुढच्या बुधवारी अण्णा तशीच बॅग घेऊन बाजारात जातात आणि बरोब्बर २८ किलो कांदे मागतात. बाई काट्यावर दोन कांदे वर टाकते. अण्णा ते काढायला लावतात.

‘अहो, वरचे दोन तुम्हालाच दिले, पैसे नको.’

‘मला अठ्ठावीसच हवेत, ताई.’

‘फुकट नको म्हणणारं पहिलंच गिऱ्हाईक बघते मी.’

मग हवालदाराला स्कूटरवर मागे बसवून, उजव्या हातात फोन देऊन, डाव्या हाताने बॅग खांद्यावर टाकायला सांगतात. पहिल्या खेपेला बॅग जागची हलत नाही. दुसऱ्या खेपेला हवालदार स्कूटरसकट कलतो. तिसऱ्या खेपेला बंद तुटतो आणि कांदे घाटाच्या पायऱ्यांवरून घरंगळत खाली. बायका, पोरं, फौजदार, सगळे कांदे गोळा करतात. अण्णा मात्र गोळा करू देत नाहीत. बॅगेत थोडेच ठेवतात, बंदाला गाठ मारतात, पुन्हा टाकायला सांगतात. आता बॅग झोकात खांद्यावर जाते. हुबेहूब सीसीटीव्हीतल्यासारखी. काट्यावर ठेवतात: सहा किलो.

फौजदार विचारतो, ‘मग बावीस किलो गेले कुठे?’

बावीस बंडलं म्हणजे एक कोटी दहा लाख. अण्णा पायऱ्यांवरचा एक कांदा उचलतात, बाईच्या ढिगावर ठेवतात आणि म्हणतात, ‘साहेब, फिर्याद दुरुस्त करा. हा दरोडा आहे.’

हा प्रसंग लिहून झाला तेव्हा पहिल्या मसुद्यातली खुर्ची, चष्मा आणि मॅनेजरचा घोटाळा आपोआप गळाले. कुणी काढा म्हटलं नाही. त्यांना जागाच उरली नाही.

जे वगळलं, जे ठेवलं

एक विनोद मात्र मी भांडून काढायला लावला. लुटीच्या वेळी काउंटरवरची कॅशियर मुलगी टेबलाखाली बसून रडते आणि तिच्या हुंदक्यांवर अण्णांची एक टिप्पणी होती. ओळ चपखल होती, वाचताना लोक हसलेही होते. पण ज्या माणसासमोर हत्यार धरलं गेलंय त्याला हसायचं नाही, यावर मी अडून बसले. आता अण्णा तिला पाणी देतात आणि तिची जबानी शब्दही न दुरुस्त करता ऐकतात. अख्ख्या भागात ते गप्प राहतात ती एवढी एकच वेळ, आणि आमच्या लेखिकेच्या मते अण्णांबद्दलचं प्रेम तिथेच बसतं.

बँकेबाहेर जमलेल्या गर्दीचा छोटा प्रसंग लांबीमुळे जाणार होता. तो राहावा असं काकांना फार वाटत होतं. एक आजी विचारते, ‘माझी ठेव गेली का रे?’ लूट झाली की प्रत्येक शाखेबाहेर हा प्रश्न येतो, आणि काकांनी तो स्वतः झेललेला. ठेवीदाराचे पैसे लुटीत जात नाहीत, ते देणं बँकेचंच राहतं. लॉकरचं तसं नाही. तिथे चोरी किंवा दरोडा झाला तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत, असा नियम २०२२ च्या १ जानेवारीपासून आहे. अण्णा आजीला ठेवीचं समजावतात, ती हुश्श करते आणि मग हळूच म्हणते, ‘आणि लॉकर?’ अण्णा खाली बसतात आणि नीट सांगतात. मालिका पाहताना घरातल्या एखाद्या आजीला खरी माहिती मिळत असेल, तर पाऊण मिनिट खर्च करायला माझी हरकत नाही.

गुन्हेगार आधीच दाखवायचा का, हाही वाद झाला. ‘कोलंबो’ मालिकेत खुनी सुरुवातीलाच दिसतो आणि गुप्तहेर त्याला कसा गाठतो यातच मजा असते. आमच्या गोष्टीत तसं केलं असतं तर ‘दरोडा’ या शब्दातला धक्का गेला असता. वाद दहा मिनिटांत संपला.

कलमांबाबत वहिनींनी शेवटी एक भर घातली. पैसे आदल्या रात्री काढले, तो अपहार वेगळा गुन्हा, बँकरने केलेला फौजदारी न्यासभंग, कलम ३१६. दुपारची लूट वेगळी. शेवटच्या प्रसंगात फौजदार फक्त दरोड्याचं कलम लिहितो तेव्हा अण्णा घराबाहेर पडता पडता उंबऱ्यावरून परत फिरतात. ते परत फिरणं वहिनींचं आहे.

दुसरं वाचन

तीच गच्ची, आधीच्यापेक्षा पाच-सहा माणसं जास्त. काका-काकू नाशिकरोडहून आले होते, पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. या वेळी पानं बेचाळीस, खुणा सव्वीस, आणि त्यातल्या एकोणीस तपासाच्या प्रसंगांत. कांद्यांच्या वेळी वाचणाऱ्यालाच हसू आवरेना म्हणून दोन मिनिटं थांबावं लागलं. ‘हा दरोडा आहे’ या ओळीला आधी एक छोटी शांतता आली, मग मागून कुणीतरी म्हणालं, ‘अरे! पाचवा!’

त्यानंतरच्या प्रसंगात अण्णा दुसऱ्या अधिकाऱ्याच्या घरी जातात, ज्याने साखरपुड्याच्या घाईत किल्ली देऊन टाकली त्याच्या. तो चोर नाही. दारावरचं तोरण अजून उतरवलेलं नाही, बशीत पेढे आहेत. अण्णा पेढा हातात घेतात, खात नाहीत. विचारतात, ‘साहेब, लुटीच्या आदल्या संध्याकाळी साडेसहाला तुमची किल्ली कुठे होती?’

गच्चीवर कुणी हललं नाही. मी पेन्सिल खाली ठेवली. पुढच्या रांगेत काकांचा उजवा हात पँटच्या खिशावर गेला होता.